भोवऱ्याच्या मधलं पाणी

माझ्या सासऱ्यांनी ब्लडप्रेशरची गोळी बंद केली ती सूर्यामुळे. म्हणजे आकाशातला सूर्य, पावसाळ्यातली वीज, मुंबईच्या वर्कशॉपमधलं लोखंड कापायचं मशीन आणि आमच्या मोरीत बादली ओतल्यावर गरगरत खाली जाणारं पाणी, या सगळ्यांचं खानदान एकच आहे असं त्यांना पटलं होतं. आणि त्यांना एकदा पटलं की पुढची दोन वर्षं घरात दुसरा विषय नसतो. याआधी गांडूळखत होतं. ते निदान परसात होतं, स्वयंपाकघरात आलं नव्हतं.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. तापट आहे, हे मीच सांगून टाकते, कारण नाहीतर सासूबाई सांगतील आणि त्या तिखटमीठ लावून सांगतात. आमचं घर रत्नागिरीहून पूर्णगडाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या एका गावात. नवरा मुंबईला नोकरीत. महिन्यातून दोनदा येतो आणि उरलेले दिवस फोनवरून सल्ले देतो. घरात आम्ही तिघं: मी, सासूबाई आणि सासरे. त्यातले सासरे एकटे दहा माणसांइतकी जागा व्यापतात.

तीस वर्षं ते मुंबईत एका वर्कशॉपमध्ये कटिंगवर होते. शेवटची काही वर्षं त्यांच्या हाताखाली प्लाझ्मा कटर होता. त्या मशीनबद्दल ते असे बोलतात, जसं लोक पहिल्या पगाराबद्दल बोलतात. त्याच्या तोंडात तिरक्या भोकांची एक बारीकशी रिंग असते. हवा त्या भोकांतून आत येते ती गोल फिरतच येते. फिरणारी थंड हवा कडेला धरून राहते आणि मधोमध विजेची ज्योत सरळ, बारीक, पत्र्यातून आरपार जाईल अशी उभी राहते. रिंग झिजली की ज्योत फेंगडी होते आणि पत्रा वाकडा कापला जातो.

हे सगळं खरं आहे. मी मुद्दाम तपासलं, कारण मला ते खोटं निघायला हवं होतं.

पुढे मात्र त्यांनी जी उडी मारली ती अल्याडच्या काठावरून थेट पल्याडच्या काठावर. एके दिवशी मी शाळेतून येऊन चप्पल काढते न काढते तोच त्यांनी मला पडवीत गाठलं.

"बाय, प्लाझ्मा म्हणजे काय गो?"

"पदार्थाची चौथी अवस्था," मी पुस्तकातलं सांगितलं.

"आणि पाणी?"

"द्रव. दुसरी."

"म्हणजे मधे एकच घर की," ते म्हणाले. "शेजारीच झाले."

त्यांचं म्हणणं असं होतं, की ज्योत फिरवली की मधोमध धार येते, तर पाणी फिरवल्यावर का येणार नाही? पाणी गरगरलं की त्यातला जडपणा कडेला जातो आणि मधे राहतं ते 'हलकं' पाणी. माणसानं फक्त ते मधलं पाणी प्यायचं. रक्त जड झालं म्हणून प्रेशर वाढतं; हलकं पाणी आत गेलं की रक्तही हलकं. सूर्यसुद्धा आतून असाच घुसळला जातोय म्हणून अजून विझला नाही. हे त्यांनी कुठल्याशा मोबाइलवरच्या व्हिडिओत अर्धं पाहिलं होतं आणि अर्धं स्वतः रचलं होतं. मी म्हटलं, "बाबा, सूर्याला ब्लडप्रेशर नाही." ते म्हणाले, "म्हणूनच नाय."

आठवड्याभरात यंत्र तयार झालं. वीस लिटरचा पाण्याचा जार उलटा करून बूड कापलं. टेबलफॅनचं डोकं काढून त्याची मोटर वर बसवली आणि पातं पत्र्यातून असं सुबक कापलं, की मीही राग दोन मिनिटं विसरले. खाली रबरी बूच आणि बाजूला सलाइनची नळी. तिचं टोक बरोबर भोवऱ्याच्या मधोमध. रेग्युलेटरला एक ते पाच नंबर. अर्थिंग चोख. काम म्हणून बघायला गेलं तर त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. सासूबाईंना फक्त एकच दुःख होतं, पंखा गेला. त्या पदरानं वारा घेत म्हणायच्या, "ह्यांच्या सूर्यापायी मी उकडून मरतंय."

या सगळ्याला मी हसले असते. गावात दर घरी एक तरी शास्त्रज्ञ असतो; कुणी दारूत पान बुडवून मूळव्याध बरा करतो, कुणी नारळ फिरवून विहिरीची जागा दाखवतो. पण सासऱ्यांनी गोळी बंद केली. आठ वर्षं चालू असलेली गोळी. रत्नागिरीतल्या आमच्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं, ही गोळी चुकवायची नाही, यांच्या वडिलांना अर्धांग झालेलं आहे. सासऱ्यांनी स्वतःच्या वडिलांना चार वर्षं अंथरुणावर पाहिलं होतं. तरी हा माणूस भोवऱ्याच्या भरवशावर गोळी सोडतो आणि वर जेवणात भाजलेला खारा बांगडा मागतो. माझा संताप संताप झाला. आणि खरं सांगायचं तर भीती वाटली. मला वडील नाहीत. लग्न होऊन आले तेव्हापासून बाबा म्हणायला मला हेच आहेत.

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "तू सायन्सची आहेस ना, समजव त्यांना." जसं काही सायन्स म्हणजे अंगारा, कपाळाला लावला की उतरलं.

आधी मी त्यांना स्कूटरवर बसवून पूर्णगडच्या खाडीवर नेलं. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी पाणी बाहेर पडताना लहान लहान भोवरे होतात. म्हटलं, बघा, रोज एवढं पाणी फिरतं, कोणाचं रक्त हलकं झालंय? ते तल्लीन होऊन बघत राहिले. किनाऱ्यावर एक म्हातारा जाळं शिवत बसला होता. सासऱ्यांनी त्याला आपला सगळा सिद्धान्त ऐकवला, मधली ज्योत, मधलं पाणी, सगळं. म्हातारा सुई न थांबवता म्हणाला, "भोवऱ्याच्या मधे माझा चुलता गेला होता. तो काय हलका होऊन वर आला नाय." मला वाटलं, चला, काम झालं. परत येताना मागच्या सीटवरून आवाज आला, "त्याचा चुलता खाऱ्या पाण्यात गेला. आपलं गोडं हाय."

मग मी परीक्षा घेतली. तीन ग्लास, दोन नुसत्या विहिरीच्या पाण्याचे, एक यंत्रातला. ओळखा. त्यांनी तिन्हींचा एकेक घोट घेतला, डोळे मिटले आणि बरोबर ग्लास पुढे केला. मी पुन्हा मांडले, त्यांनी पुन्हा ओळखला. पाच वेळा पाचही बरोबर. मी दोन दिवस कोणाशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी भांडी घासताना सासूबाई सहज म्हणाल्या, "त्याला रबराचा वास येतो गो, बुचाचा." हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग सांगितलं का नाही, विचारलं, तर म्हणाल्या, "तू विचारलंस कुठे?"

शेवटी सासऱ्यांनीच तोडगा काढला. "तोंडाच्या वाफा नकोत. प्रयोग लाव." एकवीस दिवस ते रोज सकाळ-संध्याकाळ तांब्याभर मधलं पाणी पिणार, घरातल्या मशीनवर प्रेशर मोजणार आणि वहीत लिहिणार. प्रेशर वाढलं तर गोळी चालू, उतरलं तर माझं तोंड बंद. वर्कशॉपचा एक नियम त्यांनी घरात आणला: ज्यानं जॉब केला त्यानं तो पास करायचा नाही, दुसऱ्यानं करायचा. म्हणून रोजच्या आकड्याखाली सही माझी. त्यांनी वहीत पट्टीनं रकाने आखले: तारीख, फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, रेग्युलेटर नंबर, शेरा, तपासनीस. तपासनीस मी.

मी लगेच हो म्हटलं. माझा हिशेब सोपा होता. तीन दिवसांत आकडा चढेल आणि चौथ्या दिवशी हे मुकाट्यानं गोळी घेतील.

आकडा चढलाच. पहिल्या दिवशी एकशे अठ्ठेचाळीस, तिसऱ्या दिवशी एकशे साठच्या जवळ. मी म्हटलं, "बघा." ते म्हणाले, "नवीन नोझल लावला की पहिले दोन पत्रे भंगारातच जातात." पाचव्या दिवशी एकशे बहात्तर. सकाळपासून डोकं दुखत होतं, पण कबूल करतील ते सासरे कसले. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'यंत्र सेट होत आहे.' आणि कपाळाला बाम लावून यंत्रापुढे बसले. करार एकवीस दिवसांचा होता आणि ते शब्दाचे पक्के. एकवीस दिवस त्यांना काही झालं नाही तरच ते गोळी घेणार होते. काही झालं तर घेणार कोण?

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तशीच रत्नागिरीला जाऊन तीच गोळी, नवीन पाकीट घेतलं. घरातल्या पाकिटातल्या गोळ्या मोजल्या गेल्या तर नको. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, गोळी पोटात जातेय ना? मी म्हटलं, उद्यापासून जाईल. कशी, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

सकाळी यंत्रातून काढलेलं पाणी सासरे तांब्यात भरून झाकून ठेवत आणि दात घासायला मागच्या दारी जात. कडुनिंबाची काडी, त्यामुळे पंधरा मिनिटं निश्चित. तेवढ्यात मी गोळी कागदात घालून चमच्याच्या पाठीनं चुरली, तांब्यात टाकली आणि चमच्यानं ढवळली. गोल गोल ढवळली, म्हणजे प्रयोगाशी तेवढी तरी इमानदारी राहिली.

आठव्या दिवसापासून आकडा उतरायला लागला. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं. वही घेऊन ते माझ्यापुढे उभे राहत आणि मी सही करत असे. हीच मी, शाळेत प्रॅक्टिकलच्या वहीत पोरांनी उत्तर आधी बघून मागाहून आकडे जुळवले की पान फाडायला लावणारी. सही करताना सुरुवातीला हात जड व्हायचा. मग सवय झाली. सवयीचं काही विचारू नका, माणसाला कशाचीही होते. मला तर त्यात मजा यायला लागली होती. ते भोवऱ्यावर व्याख्यान द्यायचे आणि मी "हो का? अस्सं?" म्हणत मान डोलवायची. मनातल्या मनात हसून हसून पोट दुखायचं.

बाराव्या दिवशी सकाळी पाणी पिऊन तासाभरानं ते अंगणात निघाले आणि पायरीवरच मटकन बसले. घाम फुटला होता, चेहरा पांढरा पडलेला. मशीन लावलं तर आकडा शंभराच्याही खाली. एका गोळीनं असं व्हायला नको. सासूबाईंनी मीठ-साखरेचं पाणी पाजलं. अर्ध्या तासानं जरा बरं वाटल्यावर त्यांनी वही मागितली आणि शेरा लिहिला: 'यंत्र नंबर चारवर होते. धार जास्त झाली. उद्या नंबर दोन.'

दुसऱ्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर स्वयंपाकघरात गेले. सासूबाई पाटावर बसून, खलबत्त्याखाली फडकं घालून, आवाज न करता काहीतरी कुटत होत्या.

"काय कुटताय?"

"वेलची."

आमच्याकडे वेलची पाहुणे आले तरच डब्यातून निघते. मी खलात डोकावले. पांढरी पूड.

"आणि तुझ्या हातात काय ती पुडी?" त्यांनी विचारलं.

"खडू," मी म्हटलं.

दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग आधी त्या हसल्या की मी, ते आठवत नाही. मागच्या दारी काडीचा चर्र-चर्र आवाज येत होता आणि आम्ही दोघी तोंडात पदर-ओढणी कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होतो. चार दिवस त्याही टाकत होत्या, घरातल्याच पाकिटातल्या. "आकडा उतरत होता ना, मग तुम्ही कशाला टाकलीत?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "म्हटलं, पाणी बिचारं एकटं किती करणार? जरा हात द्यावा." म्हणजे चार दिवस माणूस रोज दोन दोन गोळ्या पीत होता. हसू ओसरल्यावर आम्हाला दोघींनाही हुडहुडी भरली. मग ठरलं, एक दिवस त्यांचा, एक दिवस माझा. पुडी मी बांधणार, खलबत्ता बंद.

एकवीस दिवस भरले. आकडा एकशे तीसवर ठाण मांडून बसला होता. सासऱ्यांनी करारानुसार माझं तोंड बंद केलं आणि वहीच्या शेवटच्या पानावर निष्कर्ष लिहिला, सुवाच्य अक्षरात. खाली माझी पूर्ण सही मागितली, हुद्द्यासकट. मी दिली. रोजची पुडी चालूच राहिली. आता ती जन्मभर चालू ठेवायला माझी ना नव्हती. त्यांचा सूर्य त्यांना, माझी गोळी मला, सगळे खूश.

मग एक दिवस पलीकडच्या वाडीतल्या काकी दारात आल्या. त्यांची काजूची बाग आहे, मुलगा मुंबईला, प्रेशर त्यांनाही. कोल्ड्रिंकची रिकामी लिटरची बाटली घेऊन त्या पडवीच्या पायरीशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमचं ते पाणी मला पण द्या हो थोडं." सासरे खुर्चीवरून असे उठले, की खुर्ची मागे पडली. जार साबणानं धुतला, नळी उकळून घेतली, इस्त्रीचा शर्ट घातला. पाणी फिरवायला शर्ट कशाला, मी सासूबाईंना खुणेनं विचारलं. त्यांनी मला खुणेनंच गप्प केलं. काकींची बाटली त्यांनी थेट यंत्रावरून भरली आणि स्वतः फाटकापर्यंत नेऊन दिली. रोज दुपारी काकी यायच्या, रोज इस्त्रीचा शर्ट निघायचा. शोधकाला पहिलं गिऱ्हाईक मिळालं की असंच होत असणार, म्हणून मी मनात टर उडवत होते. बाटलीत तर नुसतं विहिरीचं पाणी होतं, त्यानं कोणाचं काय बिघडणार?

सहाव्या दिवशी, रविवारी सकाळी, सासरे प्रेशरचं मशीन घेऊन काकींकडे गेले आणि परत आले ते कपाळाला आठ्या घालून. पडवीत सासूबाई तांदूळ निवडत होत्या, मी पेपर तपासत होते.

"काकीचं एकशे नव्वद दाखवतंय," ते म्हणाले. "नळीत काहीतरी गडबड हाय. नाहीतर बाईमाणसाला उलट्या बाजूनं फिरवून द्यावं लागत असेल."

माझी लाल शाई कागदावर तशीच थांबली. "त्यांची गोळी चालू आहे ना?"

"बंद केली त्यांनी. मी सांगितलं नाय हां बंद करा म्हणून," ते घाईनं म्हणाले. "त्यांनी वही बघितली माझी. तुझी सही बघितली. म्हणाल्या, बाईंची सही हाय म्हणजे बघायला नको." मग स्वतःशीच म्हणावं तसं, "आणखी आठ दिवस देऊ. पहिले पत्रे भंगारातच जातात."

सासूबाईंनी सुपाच्या आडून माझा अंगठा दाबला. वर म्हणाल्या, "भात करपल्याचा वास येतोय, बघ जा." चुलीवर भात नव्हताच. माझ्या डोळ्यांपुढे काकी, बिचाऱ्या आपल्या पायांनी रोज उन्हातून बाटली घेऊन येणाऱ्या. मला एकदम स्वतःची किळस आली.

"बाबा, तुमच्या पाण्यात गोळी आहे," मी म्हटलं. "सहाव्या दिवसापासून. मी टाकते."

त्यांना कळायला वेळ लागला. ते माझ्याकडे बघत होते, मग सासूबाईंकडे.

"मी पण," सासूबाई खाली बघून म्हणाल्या. "पण मी उशिरा चालू केली."

मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर मीही ओरडले असते, तेवढं मला जमतं. ते उठले, आतून वही आणि पेन्सिल घेऊन आले आणि माझ्यापुढे बसले. "सहावा दिवस. किती टाकलीस? एक? लिही." मी लिहिलं. "सातवा. लिही." एकेक पान करत एकवीस दिवस, त्यापुढचेही. कुठल्या दिवशी कोणी, किती, केव्हा. मधे सासूबाई म्हणाल्या, अकराव्या दिवशी अर्धी खाली सांडली होती, तर त्यांनी तेही लिहायला लावलं. मला त्या अर्ध्या गोळीचं हसू आलं आणि त्याच वेळी रडूही येत होतं. सगळं लिहून झाल्यावर ते पहिल्या पाच दिवसांच्या पानांवर परत गेले, ज्यांत काहीच लिहायचं नव्हतं, आणि चढत गेलेल्या आकड्यांवरून बोट फिरवत राहिले.

"म्हणजे पाण्यानं काय झालं नाय," ते म्हणाले. "पहिल्याच पाच दिवसांत दिसत होतं. मी बघितलं नाय."

मी म्हटलं, "मी जाते काकींकडे. सांगते त्यांना."

"तू नको. जॉब माझा हाय."

वही घेऊनच ते गेले. आल्यावर काढलेला शर्ट पुन्हा घातला नाही, बनियनवरच गेले. मग तास झाला, दोन झाले. नंतर कळलं, त्यांनी काकींसमोर वही उघडून पानं दाखवली, सगळं सांगितलं, रिक्षा बोलावली आणि स्वतः बरोबर बसून त्यांना रत्नागिरीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी काकींना दोन तास निजवून ठेवलं आणि गोळी देऊन घरी पाठवलं. काकी आज ठणठणीत आहेत. कोणालाही काही झालं नाही. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगते.

दुपार कलल्यावर ते परत आले आणि पायरीवर बसले, पाठ आमच्याकडे करून. मी आत जाऊन गोळीचं पाकीट आणि ग्लासभर पाणी घेऊन आले. मला वाटत होतं, आता हे माझ्या हातचं पाणी घेणार नाहीत.

"काकीच्या सासूला मी बघितलंय," ते म्हणाले. मागे वळले नाहीत. "माझी आई त्यांच्या खळ्यावर भारे टाकायची. तहान लागली की त्या वरून ओतायच्या, आई खाली ओंजळ धरायची. आमच्या मडक्यातलं त्यांनी कधी घेतलं नाय. आता तसं राहिलं नाय, येतात सगळे, चौदा एप्रिलला जेवून जातात. पण बाटली घेऊन आपल्या दारात येऊन, पाणी द्या म्हणणारी त्या घरातली हीच पहिली. तिला मी काय दिलं गो बाय?"

तो इस्त्रीचा शर्ट, ती उकळलेली नळी. मला काहीच दिसलं नव्हतं. सासूबाईंना दिसलं होतं, म्हणून त्यांनी मला गप्प केलं होतं.

"चूक माझी आहे, बाबा," मी म्हटलं.

"सही तुझी. पाणी माझं."

त्यांनी माझ्या हातातलं पाकीट घेतलं, गोळी काढली आणि तोंडात टाकली. मी म्हटलं, "पाणी हवं तर तुम्ही स्वतः ओतून घ्या. तांब्या आणते."

ते पहिल्यांदाच माझ्याकडे वळले. "आण इकडे," त्यांनी हात पुढे केला. "आपल्या घरात कोणाच्या हातचं पाणी परत पाठवत नाय."

मी ग्लास दिला आणि त्यांनी तो रिकामा केला.